टोन या शब्दाचे अर्थ

आमच्या घरात इंग्रजी शब्दकोश एकच होता आणि तो माझा होता. कॉन्व्हेंटात सुवाच्य अक्षराबद्दल बक्षीस मिळालेला, निळ्या कापडी बांधणीचा, उशाला घेता येईल एवढा जाड. बाबा त्याला ‘सुमीचं पुस्तक’ म्हणत आणि कारखान्यातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नसत. त्यातलं एक पान बाकीच्या पानांपेक्षा मळकं आहे. त्या पानावर ‘टोन’ हा शब्द आहे. परवा माझी नात मला म्हणाली, “आजी, तुझा टोन ना, कधी कधी फार हार्श होतो.” मी तिच्या बेंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटवर राहते, तिच्याच हातचं खाते, तेव्हा टोन सांभाळायला हवाच. पण दिवसभर ते मळकं पान डोळ्यांपुढून हलेना, आणि ठरवलं की हे एकदा लिहून टाकायचं. ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं होती तेव्हा माझी सांगायची छाती झाली नाही. आता ती नाहीत, म्हणून सुचतंय सगळं.

बाबा मूळचे मिरजेचे. आजोबांचं तिथे तंबोरे दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. तिघा भावांना ते पुरणारं नव्हतं म्हणून सगळ्यात धाकटे असलेले बाबा बेंगळूरला आले आणि एका सरकारी कारखान्यात पत्रा ठोकायच्या खात्यात लागले. बरोबर त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, आई आणि आईचा तंबोरा. आई लग्नाआधी मिरजेतच गाणं शिकलेली. बेंगळूरला आमच्या वठारात, म्हणजे चाळीत, सगळीकडे कर्नाटक संगीत, समोरच्या घरात पहाटे वीणा. त्यात आईचं हिंदुस्थानी गाणं म्हणजे शेजाऱ्यांना ‘रावांच्या घरचं लांबलचक गाणं’; बाबांना तिथे सगळे राव म्हणत. दर गुरुवारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर ती तासभर गायची. त्याआधी तंबोरा लावायचा तो बाबांनीच. आजोबांच्या दुकानातला तो दंडक होता. प्रत्येक तारेखाली, घोडीवर, सुताचा एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की एका जागी तार एकदम उघडते आणि एका सुरातून बारीक बारीक अनेक सूर झरायला लागतात. ह्याला जवारी म्हणतात. दोरा ज्याने सरकवायचा त्यानेच सरकवायचा, गाणाऱ्याने त्याला बोट लावायचं नाही. आई ते पाळायची. मी लहान असताना बाबा दोरा सरकवताना डोळे मिटायचे, आणि तार उघडली की त्यांच्या भुवया वर जायच्या. त्या भुवया बघायला मी समोर बसत असे.

वठारात एकाला एक लागून आठ घरं होती आणि मध्ये एक नळ. आमच्या भिंतीला भिंत लागून नंजुंडण्णा आणि गौरक्का राहायचे. नंजुंडण्णा बाबांच्याच कारखान्यात हत्यारखात्यात घासणीच्या मशीनवर होता. गिड्डा, पोट सुटलेला, सदा हसरा. त्यांना मूल नव्हतं आणि मी आयती शेजारी होते, म्हणून मी अर्धी त्यांच्याकडेच वाढले. आईची भाकरी-पिठलं खाऊन मी गौरक्काकडे जायची आणि पुन्हा नाचणीचे मुद्दे आणि सारू खायची. अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस आले की दोन्ही घरं मिळून शेंगा सोलायची आणि त्या शेंगांचा तेलकट वास आमच्या गोधड्यांनासुद्धा लागायचा. “पुट्टी, ऊटा आय्ता?” पोरी, जेवलीस का, हे गौरक्काचं मला रोजचं पहिलं वाक्य. जेवण झालं म्हटलं तरी ताट मांडलेलंच असायचं. सकाळी भोंगा झाला की बाबा आणि नंजुंडण्णा एकत्र सायकली काढायचे, आणि संध्याकाळी नंजुंडण्णाची हाक आधी यायची, मग सायकल, मग तो. वठारातली बहुतेक माणसं कारखान्यातली, त्यामुळे सगळेच ओरडून बोलायचे. कोणाला कमी ऐकू येतं हे तिथे कळायला मार्गच नव्हता.

बाबांच्या कानाची कीर्ती एका साहेबाच्या कानावर गेली आणि त्यांना ठोकाठोकीतून उचलून घासणीच्या चाकांच्या कोठारात नेमलं. ही दगडासारखी गोल चाकं मशीनवर भयंकर वेगाने फिरतात. त्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर चाक फिरता फिरता फुटतं आणि समोरच्या माणसाचं काही खरं नसतं. म्हणून मशीनवर चढवण्याआधी प्रत्येक चाक एका खुंटीवर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवतात. धड असलं तर ते घंटेसारखं वाजतं, चिरलेलं असलं तर मडक्यासारखं. कोठाराच्या भिंतीवर ह्या तपासणीची इंग्रजी पाटी होती आणि तिच्यात ‘क्लिअर टोन’ असे शब्द होते. बाबांनी ते कागदावर उतरवून आणले आणि मला विचारलं, “सुमे, टोन म्हणजे सूर का?” मी पुस्तक उघडलं. सूर, नाद, स्वर, दोन स्वरांमधलं अंतर. बाबा खूष झाले. “म्हणजे साहेबाच्या कारखान्यातसुद्धा शेवटी आपलीच विद्या,” असं ते आईला दोनदा म्हणाले. मग मी खालचे अर्थ वाचू लागले, बोलण्याचा ढंग, पत्राचा सूर, रंगाची छटा, शरीराचा कस, तसे ते म्हणाले, “ते असू दे, आपल्याला पहिलाच पुरे.” पास झालेल्या चाकाच्या मधल्या कागदावर ते निळ्या पेन्सिलीने देवनागरीत ‘सा’ लिहू लागले. नंजुंडण्णाला मराठी अक्षर ओळखू येत नव्हतं, पण तेवढं एक तो ओळखायला शिकला. “राव अवर मार्कु इल्लांद्रे नानु मुट्टल्ला,” असं तो हत्यारखात्यात सगळ्यांना सांगायचा. रावांची खूण नसेल तर मी चाकाला हात लावणार नाही. गौरक्का हे मला पन्नास वेळा कौतुकाने सांगायची.

हे कोठार ठोकाठोकीच्या खात्याला लागूनच होतं, मध्ये नुसता पत्रा. दिवसभर त्या पत्र्याआड शेकडो हातोडे चालत. आधीची सहा वर्षं तर बाबांनी त्या हातोड्यांतच काढलेली. कान असे रोज थोडे थोडे जातात हे तेव्हा आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आम्ही ते दुसऱ्या कोणाच्या कानांबद्दल आहे असंच धरलं असतं.

मी नववीत होते. एका गुरुवारी बाबांनी तंबोरा लावला, दोरा सरकवला, भुवया वर केल्या आणि हात धुवायला मागे गेले. तार उघडलेली नव्हती. ती नुसती ठक ठक वाजत होती. आईने मागच्या दाराकडे एकदा पाहिलं, झटकन करंगळीच्या नखाने चारही दोरे सरकवले आणि तंबोरा झरू लागला. तिच्या हाताची ती सफाई पाहून मला कळलं की हे आजचं नाही. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांना बोलायचं नाही.” बाबा परत आले आणि आईने सा लावला. त्या दिवशी ती फार चांगली गायली.

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसू लागलं. बाबा आमच्या तोंडाकडे बघून बोलतात, पाठमोऱ्या आईला उत्तर देत नाहीत, तंबोऱ्याच्या दांडीला गाल टेकून बसतात. एकदा मिरजेला काकांच्या आजारपणाची चौकशी करायला आम्ही शेट्टींच्या दुकानात फोन करायला गेलो. बाबांनी फोन कानाला लावला आणि ठेवून दिला. “फोन मेलाय,” म्हणाले. शेट्टी म्हणाला, “इल्ला सर, टोन इदे.” नाही, टोन आहे. मी उचलला. तो चांगला गुणगुणत होता. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “हो बाबा, मेलाय.” शेट्टी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ह्या शब्दाचा हा अर्थ माझ्या पुस्तकात नव्हता, पेन्सिलीने मी तो समासात लिहिला. मुलगी किती अभ्यासू, असं वाटेल कोणाला. मला तेव्हा काहीतरी लिहीत बसायचं होतं, एवढंच.

पुढे दीडेक वर्षाने कारखान्यातून पत्र आलं. बाबांनी फार चाकं नाकारली होती. नाकारलेली चाकं साहेबांनी वेगळी चालवून पाहिली तर ती धड निघाली. खुलासा करा. आज मला ते स्वच्छ दिसतं. बाबांना सगळीच चाकं मडक्यासारखी ऐकू यायला लागली होती, आणि प्रामाणिक माणूस म्हणून ते सगळी नाकारत होते. तेव्हा मात्र ते संतापले. येरझाऱ्या घालत त्यांनी मराठीत खुलासा सांगितला आणि मी इंग्रजीत लिहिला. ‘ज्याचं बालपण तारांत गेलं त्याला आवाज शिकवायला येऊ नये’ ह्या वाक्याचं इंग्रजी करताना मला मनापासून मजा आली. कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं, चांगलं धारदार झालं. चार दिवसांनी बाबा घरी आले ते चप्पल न काढता खुर्चीवर बसले. साहेबांनी सर्वांसमोर सुनावलं होतं की तुमच्या खुलाशाचा टोन बरोबर नाही. “पत्राला कसला गं टोन?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. मी त्यांना त्या दिवशी वगळलेला अर्थ वाचून दाखवला. आमच्या इंग्रजीच्या मिस वर्गात ‘डोन्ट टेक दॅट टोन विथ मी’ म्हणून पट्टी आपटायच्या, तेही सांगितलं. बाबा म्हणाले, “मग दुसरं लिही. पट्टी बसणार नाही असं.”

ते दुसरं पत्र मी स्वयंपाकघरात बसून लिहिलं. आई कुळीथ निवडत होती. मी हळूच विचारलं, “आई, खरं लिहू? बाबांना ऐकू येत नाही म्हणून?” आईचा हात सुपात थांबला. “अगं, त्यांना दुसरं येतं काय? कान गेले असं कागदावर आलं तर परत त्या पत्र्यात टाकतील नाहीतर घरी बसवतील. आणि नोकरीचं सोड. ज्या दिवशी त्यांना कळेल की मी दोरा सरकवते, त्या दिवशी तो माणूस संपला.” मी म्हटलं, “पण चाकं?” ती म्हणाली, “इतकी वर्षं वाजवलीत त्यांनी. हाताला कळतंच की.” तिला असं वाटायचं होतं आणि मलाही असंच वाटायचं होतं. चाक फुटलं तर कोणासमोर फुटेल हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. भिंतीपलीकडे तेव्हा गौरक्काची फोडणी चरचरत होती. मी लिहिलं की माझी चूक झाली, यापुढे मी विनाकारण चाकं नाकारणार नाही. नम्र, गोड, एकही शब्द वावगा नाही. साहेबांनी त्यावर ‘समाधानकारक’ असा शेरा मारला आणि बाबा कानांनी नाही तर बोटांनी चाकं तपासू लागले. कशी ते त्यांनी मला दाखवलंसुद्धा, टेबलावर पितळी ताट वाजवून त्याच्या काठाला बोट लावून. “थरथर लागते बघ हाताला.”

दोन महिने नीट गेले. मग एका सकाळी भोंगा अवेळी झाला. दुपारी वठाराच्या तोंडाशी कारखान्याची गाडी थांबली आणि तिच्यातून आधी बाबा उतरले. त्यांच्या सदऱ्यावर रक्त होतं, पण त्यांचं नव्हतं. गौरक्का नळावर होती. तिने बाबांकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि तिच्या हातातली घागर तशीच भरून वाहत राहिली. नवीन चाक चढवून मशीन चालू केल्याबरोबर ते फुटलं होतं. तुकडा नंजुंडण्णाच्या छातीत गेला. तो बाबांच्या हातांत गेला, काही बोलला का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. त्याचे ओठ हलले होते, एवढंच ते एकदा म्हणाले. गौरक्काच्या घरातलं रडणं भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात येत होतं, आणि आई कानांवर हात दाबून चुलीसमोर बसली होती. बाबा ओट्यावर बसून होते. त्यांना ते ऐकू येत होतं की नाही हे मला अजूनही माहीत नाही.

चौकशी झाली. मशीनवरचं झाकण उघडं होतं, सबब कामगाराचा निष्काळजीपणा, असा निकाल बाहेर पडणार असल्याची कुजबूज झाली. झाकण तिथे सगळेच उघडं ठेवायचे, काम पटकन व्हायला. बाबांना एकच प्रश्न विचारला गेला, चाक तपासलं होतं का? त्यांनी हो म्हटलं. मधल्या कागदावर ‘सा’ होता, तो शाबूत राहिला होता. म्हणजे बाबा सुटले आणि मेलेला माणूस निष्काळजी ठरला. हत्यारखात्यात जो खूण पाहिल्याशिवाय चाकाला हात लावत नव्हता, तो.

पुढच्या गुरुवारी आई गाणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांनी स्वतःच तंबोरा खाली काढला. गवसणी सोडली, तारा लावल्या, एकेक दोरा सरकवला. भुवया वर केल्या नाहीत. आईकडेही पाहिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “सुमे, उघडली का?” आयुष्यात त्यांनी हे कोणाला विचारलं नव्हतं. आई दारात उभी होती आणि मान हलवून मला खुणावत होती, हो म्हण. मी म्हटलं, “नाही, बाबा.” त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला. विचारलं, “कधीपासून?” मी म्हटलं, “दोन वर्षं.” मग त्यांनी आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता. ते तिला एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही ह्या विषयावर कधी नाही. मला म्हणाले, “कागद घे.”

ते तिसरं पत्र चार ओळींचं होतं. मला ऐकू येत नाही. ते चाक मी ऐकलं नाही. झाकणाचा दोष नाही. नंजुंडण्णाचा दोष नाही. आई रडत होती, “अहो, पोरीच्या तोंडाकडे तरी बघा,” म्हणत होती. ते म्हणाले, “बघूनच सांगतोय.” पत्र लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “टोन बरोबर आहे का गं?” मी म्हटलं, “आहे.” दुसऱ्या दिवशी ते पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून आले, आणि संध्याकाळी गौरक्काच्या दारात उभं राहून आपल्या मोडक्या कन्नडात तिला तेच सांगितलं. तिने दार लावून घेतलं. नंजुंडण्णाच्या नावावरचा ठपका पुढे पुसला गेला. बाबांची नोकरी गेली. मिरजेचं दुकान तोवर बंद पडलेलं होतं, आणि असतं तरी तिथे बिनकानाच्या माणसाचं काय काम? पुढे ते एका छापखान्यात कागद मोजायला जात. आई पुन्हा गायली नाही. तारा मात्र तिने काढल्या नाहीत, त्या आपोआप एकेक तुटल्या.

गौरक्का त्या संध्याकाळनंतर पंधरा दिवसांनी भावाकडे तुमकूरला जायला निघाली. ट्रंक टांग्यात चढवून झाली होती. मी नळावर होते. ती माझ्याजवळ आली, ऊटा आय्ता विचारलं नाही. माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि म्हणाली, “पुट्टी, निनगे गोत्तित्ता?” तुला माहीत होतं?

बाबांना ‘नाही, उघडली नाही’ म्हणणारी मी. मला वाटलं होतं, एकदा खरं बोललं की माणूस खरं बोलणारा होतो. तिच्या हाताला कांद्याचा वास होता. तिचे डोळे कोरडे होते आणि ती माझा आवाज ऐकायला थांबली होती, मान जराशी कलती करून, जसे बाबा चाकापुढे थांबायचे.

“गोत्तिरलिल्ला, अक्का,” मी म्हटलं. माहीत नव्हतं.

आवाज कुठेही हलला नाही. स्वच्छ, खणखणीत निघाला. तिने तो ऐकला, “सरी, पुट्टी,” बरं पोरी, म्हणत माझ्या गालावरून हात फिरवला, आणि टांग्यात बसली.